घसारा

वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला आणि शाळेतली मराठी बरीचशी उंबरठ्याबाहेर राहिली. डेबिट, क्रेडिट, व्हाउचर, लेजर! त्या गर्दीत ‘घसारा’ हा एकच शब्द घरचा वाटला. शेजारी बसणारा मित्र कन्नड माध्यमातला. त्यांच्याकडे याला ‘सवकळि’ म्हणतात, आणि त्याचाही अर्थ झिजणे हाच. इंग्रजीतले ‘डेप्रिसिएशन’ मात्र किमतीबद्दल बोलते. घासण्याशी त्याला देणेघेणे नाही. वर्गात हा फरक कोणी सांगत नाही. मला तो एका पंख्याने सांगितला.

8,000 रुपयांना घेतलेल्या जुन्या संगणकावर मी तीन दुकानांचे हिशेब लिहितो. आयकराच्या नियमाप्रमाणे संगणकावर घसारा 40 टक्के. म्हणजे 8,000 चे 4,800, मग 2,880, मग 1,728. कागदावर सगळे कसे मुकाट्याने! प्रत्यक्षात सकाळी बटण दाबले की आधी खरखर, मग कण्हल्यासारखा बारीक सूर, आणि यंत्र तापले की जरा उतार. हा प्रोसेसरवरचा 12 व्होल्टचा पंखा. मिनिटाला 2,500 फेरे धरले तर रोजच्या सहा तासांत नऊ लाख होतात. इतके चालून कण्हू नये असे कोण म्हणेल?

दुरुस्तीवाला म्हणाला, “हळेद ऐत्री, बिडरी.” जुना आहे, सोडा! पण नव्याला पैसे कुठून आणायचे? आणि 20 तारीख चार दिवसांवर. दुकानांची जीएसटीची विवरणपत्रे तोवर गेली नाहीत, तर प्रत्येकी दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क. पंखा थांबला की प्रोसेसर तापतो, आधी मंदावतो, मग स्वतःला वाचवण्यासाठी सगळेच बंद पाडतो.

आमच्या आप्पांनी वडगावात तीस वर्षे यंत्रमाग चालवले. त्या खडखडाटात कान गेले. जेवायला बोलवायचे तर खांद्याला हात लावावा लागतो. बारीक सूर तर त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. मालकाच्या वहीत मागांचा घसारा दरसाल लागला असेल. आप्पांच्या कानांचा कोणी लावला नाही.

त्या रात्री ते पाणी प्यायला उठले, जाता जाता संगणकाच्या पेटीवर तळहात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, “तेल सुकलंय बघ. बुश घासायलंय.”

प्लग काढून पेटी उघडली. (वीजपुरवठ्याची आतली डबी उघडायची नाही, प्लग काढला तरी तिच्यात वीज साठून राहते.) पाती बोटाने धरून ब्रशने धूळ काढली. पंख्यामागची चिकटपट्टी सोलली, खाली रबराचे इवलेसे बूच. आत बुश. कांस्याची भुकटी दाबून, भाजून तो करतात. त्याच्या छिद्रांत तेल मुरलेले असते, आणि ते संपले की धातूवर धातू. शेजारच्या काकू खोबरेल तेल घाला म्हणत होत्या, परंतु आमच्या बेळगावच्या थंडीत त्याची बाटलीत वडी होते! आप्पांनी आईच्या शिलाई मशीनचे तेल मागितले. काडीच्या टोकावर एक थेंब, जास्त नाही. पाते बोटाने दोनदा फिरवले, बूच बसवले.

खरखर गेली. “आवाज थांबला!” मी आनंदाने ओरडलो. आप्पांनी ऐकले नाही. ते पुन्हा पेटीवर हात ठेवून पाहत होते. “झिजलेलं भरून येत न्हाई,” ते म्हणाले. “महिनाभर चालंल.”

तिन्ही विवरणपत्रे 19 तारखेला रात्री गेली. दुकानांचे पैसे हाती आले की नवा पंखा आणायचा आहे, या खेपेस बॉल बेअरिंगचा. तोवर आप्पा रोज सकाळी, मी बटण दाबले की, येऊन पेटीवर हात ठेवतात.