अंधारातील छायाचित्रकार

छंद माणसाला कोठे आणि केव्हा भेटेल, याचा काही नेम नसतो. ज्याचा गळा गोड नाही असा मनुष्य जन्मभर गाणे ऐकण्यात रमतो. ज्याच्या घराला हातभर अंगण नाही तोही खिडकीतल्या कुंडीत गुलाब फुलवितो. परंतु ज्याला डोळ्यांनी काहीच दिसत नाही, त्याने छायाचित्रे घेण्याचा छंद धरावा, हे ऐकून प्रथम कोणालाही नवल वाटेल. जे आपल्याला कधीच पाहता यायचे नाही, ते काढावयाचे तरी कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर एका माणसाने आपल्या आयुष्यानेच दिले आहे.

एवगेन बावचार यांचा जन्म १९४६ साली, आताच्या स्लोव्हेनियातील एका खेड्यात झाला. लहानपणी झाडाची फांदी लागून त्यांचा एक डोळा गेला. काही महिन्यांनी सुरुंगाच्या स्फोटकाने दुसऱ्या डोळ्यालाही इजा झाली. मात्र दृष्टी एकदम गेली नाही. संध्याकाळचा उजेड डोंगरावरून उतरत जावा, तशी ती कित्येक महिने हळूहळू मावळत गेली. दिवस बुडण्यापूर्वी शेतकरी जसा खळ्यावरचे धान्य घाईने पोत्यांत भरतो, तसे त्या मुलाने त्या अवधीत रंग, पुस्तकांतील चित्रे आणि आभाळातील देखावे यांचे जमेल तेवढे गाठोडे बांधून घेतले. बाराव्या वर्षाच्या सुमारास काळोख पुरता दाटला; गाठोडे तेवढे जवळ राहिले.

सोळा-सतरा वर्षांचा असताना बहिणीचा रशियन बनावटीचा कॅमेरा त्याच्या हाती आला. शाळेतील एक मुलगी त्याला आवडत असे. त्याने तिचेच छायाचित्र घेतले. ते चित्र त्याला दिसणार नव्हते. पण कळ दाबताच त्याला एक अपूर्व आनंद झाला. जे आपल्याला पाहता येत नाही, तेही आपले होऊ शकते, हा तो आनंद होता. त्या दिवसापासून कॅमेरा त्याचा सोबती झाला.

थोडा विचार केला, तर या सोबतीत विसंगत असे काही नाही. कॅमेरा म्हणजे तरी काय? एक काळोखी पेटी. तिच्यातील छोट्याशा छिद्रातून क्षणभर प्रकाश आत येतो आणि आपली खूण ठेवून जातो. पेटीत अंधार नसेल, तर चित्र उमटणारच नाही. फिल्म धुण्यासाठी ती डब्यात भरताना तर मिट्ट काळोखच लागतो. त्या वेळी डोळस छायाचित्रकारालाही डोळ्यांचा उपयोग नसतो. तो बोटांनी चाचपून आपले काम करतो. छायाचित्र जन्मते ते प्रकाश आणि अंधार या दोघांच्या पोटी. आपण मात्र प्रकाशाचेच उपकार तेवढे आठवतो!

बावचार यांची काम करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. समोर कोणी बोलत असेल, तर त्याच्या आवाजावरून त्याचा चेहरा कोठे आहे व किती अंतरावर आहे, हे ते ठरवितात. जवळची वस्तू असेल, तर हातांनी अंतर मोजतात. पुष्कळदा ते रात्रीच्या अंधारात चित्रे घेतात. कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवून ते हातातील दिव्याचा प्रकाश मूर्तीवरून किंवा भिंतीवरून फिरवितात. जेथे हात फिरतो, तेथे उजेड पडतो. जेथे उजेड पडतो, तेवढेच चित्रात उतरते. एकदा त्यांनी आपल्या भाचीच्या अंगावर एक छोटी घंटा बांधली आणि तिला कुरणातून धावावयास सांगितले. ती धावू लागली, घंटा किणकिणू लागली आणि त्या नादाच्या रोखाने त्यांनी कॅमेरा वळविला. कानांनी टिपलेले ते चित्र होय.

चित्र तयार झाले, की ते दुसऱ्यांना पाहावयास देतात आणि त्यात काय दिसते, ते विचारतात. एकाला त्यात आनंद दिसतो, दुसऱ्याला विषाद. पाहणाऱ्याला आपल्या डोळ्यांसमोरचे शब्दांत मांडावे लागते आणि त्यासाठी ते पुन्हा नीट पाहावे लागते. अशा रीतीने एका अंध माणसाचे चित्र डोळसांनाच पाहावयास शिकविते.

बावचार १९७२ साली पॅरिसला गेले. तेथे त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि पुढे संशोधक म्हणून नाव मिळविले. १९८८ साली त्याच नगरीतील छायाचित्रणाच्या उत्सवाचे अधिकृत छायाचित्रकार होण्याचा मान त्यांना लाभला. छंदाची वाट अशी कोठवर जाईल, हे पहिली कळ दाबताना कोणाला ठाऊक होते?

ती वाट मुंबईपर्यंतही येऊन पोचली आहे. बावचार यांच्याविषयी वाचून पार्थो भौमिक यांच्या मनाने घेतले, की येथील दृष्टिहीनांच्या हातीही कॅमेरा द्यावा. २००६ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळेत त्यांनी या शिक्षणास आरंभ केला. ऊन गालाला ज्या बाजूने लागते, त्या बाजूला सूर्य आहे. हाक ज्या दिशेने येते, तेथे माणूस आहे. अशा खुणांवर शिकणारे चित्रे घेऊ लागले. त्या चित्रांची प्रदर्शने भरली. बोटांनी चाचपता येतील अशी उठावाची चित्रे आणि ब्रेल लिपीतील मजकूरही त्यांत ठेवण्यात आला. घेणाऱ्याला आपले चित्र निदान बोटांनी तरी भेटावे, हा त्यामागील हेतू.

छंदाने गेलेली दृष्टी परत येत नाही. बावचार यांनाही आपल्या मायभूमीतील डोंगर पुन्हा दिसले नाहीत. लहानपणी बांधलेल्या गाठोड्यातूनच ते त्यांना काढून पाहावे लागतात. परंतु ज्याच्याकडे सारे जग केवळ पाहत होते, तो मुलगा स्वतः जगाकडे पाहू लागला. इतरांनी आपल्याला सांगावे आणि आपण ऐकावे, एवढ्यावर त्याने समाधान मानले नाही. ‘मलाही तुम्हांला काही दाखवावयाचे आहे,’ असे म्हणण्याचा हक्क त्याने कॅमेऱ्याच्या एका कळीने मिळविला.