मूल्यह्रास

दर रविवारी संध्याकाळी आमच्या भिलाईच्या क्वार्टरात कोंडागावकडचा एक तरुण हिशेब शिकावयास येतो. वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी तो एकदा नापास झालेला; यंदाही तसेच झाले तर गावी परतावयाचे, असे घरी ठरलेले. वर्गात काही विचारले की हा उभा राही आणि न बोलता खाली बसे. आम्ही वडीलकीच्या सुरात त्यास बजावले, "आधी हिंदी शुद्ध कर, घरची बोली घरी ठेव." "जी सर," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून आमच्यापुढेही बोलेनासा झाला. (हा उपदेश करणारे आम्ही कचेरीत अजून 'आवाज आया' म्हणून हशा पिकवतो, ही गोष्ट अलाहिदा!)

एकदा त्याच्या आईचा फोन आला. आमचा हा मुका विद्यार्थी हलबीत भडाभडा बोलू लागला. 'मोचो', 'तुचो' कानी पडताच आम्ही चमकलो. हा 'चो' म्हणजे आमच्या 'चा'चाच भाऊबंद की! ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणात हलबी १९०५ साली निघालेल्या मराठीच्याच खंडात आहे, हे पदवीसाठी घोकले होते. कानांनी ते आज ऐकले.

पुस्तकातला 'मूल्यह्रास' त्यास तीनदा समजावून झाला होता. आम्ही म्हटले, "तुझ्या बोलीत सांग पाहू." तो जरा थांबला. मग नांगराच्या फाळाची गोष्ट सांगू लागला: दर पावसाळ्यात थोडा झिजतो, एके वर्षी नवा घ्यावाच लागतो. आम्हांस निम्मेच शब्द कळले. पण घसारा इतका नेमका आम्ही स्वतः कधी सांगितला नव्हता.

१९५५ च्या करारानंतर रशियन इंजिनियर येथे आले, तेव्हा त्यांच्यासाठी दुभाषे होते. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. खनिज आले दल्ली-राजहराच्या डोंगरांतून. त्या डोंगरांतली आणि बस्तरची मुले आता राखीव जागांवर महाविद्यालयात येतात. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगडात शंभरांत तीस माणसे आदिवासी होती. दार उघडले, हे थोडे नव्हे. पण आत दुभाषा कुठे आहे? २०२० च्या शिक्षणधोरणात मातृभाषेचे कौतुक आहे. हलबी आणि गोंडी मात्र आठव्या अनुसूचीतही नाहीत.

परवा त्याने हळूच विचारले, "सर, तोंडी परीक्षेत शब्द अडला, तर फाळाचे सांगू?"

"सांग," आम्ही म्हणालो खरे. परीक्षक कोण येणार, हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि आम्हांसही.