कुंभार्ली घाटातला रिले

चिपळूणहून कऱ्हाडला जाताना पोफळी सोडली की कुंभार्ली घाटाची चढण लागते. मे महिन्यातली दुपार, पुढे भरलेला ट्रक, मागे ओव्हरटेकला टपलेली एसटी. दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना तापमानाचा काटा वर सरकू लागला. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं, तर रेडिएटरचा पंखा थांबलेला. इंजिन बंद केलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात न लावता गाडी निवू दिली.

माझ्या गाडीत फ्यूजबॉक्स दोन आहेत. एक स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ. त्यात रेडिओ, आतले दिवे, चार्जिंग. दुसरा बॉनेटखाली, बॅटरीला लागून. जास्त करंट ओढणारं सगळं तिथे. बॅटरीपासून निघालेल्या वायरला सुरुवातीलाच फ्यूज हवा, म्हणजे पुढे कुठेही शॉर्ट झालं तरी वायर पेटत नाही. म्हणून पंख्यासाठी बॅटरीशेजारचाच बॉक्स उघडला. त्याचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. झाकण उलटं केलं की डावं-उजवं बदलतं, तेव्हा खुणेला एखादा मोठा फ्यूज धरून मगच बाकीचे मोजावेत.

पंख्याचा फ्यूज हिरवा, ३० अँपिअरचा. तो उपटावा लागला नाही. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावून टोक दोन्ही ठिपक्यांना टेकवलं. दोन्हीकडे दिवा लागला. म्हणजे फ्यूज शाबूत. तो उडाला असता, तरी तिथे जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा मी कधीच घातला नसता. गाड्या पेटतात त्या अशानेच.

आता राहिला रिले. बोट त्याच्यावर ठेवलं आणि मेहुण्याला इंजिन चालू करून एसी लावायला सांगितलं.

"दाजी, लावला बघा!"

बोटाखाली स्पष्ट 'टक्' झालं, पंखा मात्र ढिम्म. आतली कॉइल ओढत होती. ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांचं काम नीट होतं. संशय गेला ३० आणि ८७ या पिनांमधल्या कॉन्टॅक्टवर, कारण पंख्याचा सगळा करंट तिथूनच जातो.

त्याच बॉक्समध्ये अगदी तसेच आणखी दोन रिले होते, हॉर्नचा आणि एसीचा. अंगावरचा नंबर आणि पिनांची मांडणी दोन्ही जुळली, तरच अदलाबदल करायची. घाटातल्या वळणांवर हॉर्न हवाच, म्हणून चावी बंद करून एसीचा रिले काढला आणि पंख्याच्या जागी बसवला. शिवाय एसी बंद राहिला तर चढावर इंजिनचा भारही कमी. इंजिन पुन्हा चालू केल्यावर थोड्या वेळाने पंखा घुमला. हेळवाकपर्यंत काटा मधोमध होता.

कऱ्हाडला ओळखीच्या वायरमनने जुना रिले फोडून दाखवला. कॉन्टॅक्ट काळे पडून खडबडीत झाले होते. त्याने नुसता रिले बदलला नाही, पंख्याची मोटर किती करंट ओढते तेही क्लॅम्प मीटरने मोजलं. मोटर घासत असती, तर नवा रिलेही लवकरच जळाला असता. मोटर ठीक निघाली. सॉकेटमधली एक पिन तेवढी सैल होती, ती त्याने आवळली. एसीचा रिले परत आपल्या जागी गेला. एक जादा रिले मी विकत घेतला आणि दोन्ही झाकणांचे फोटो फोनमध्ये काढून ठेवले.