बेत बदलणे हाही एक पाठ



ठरवलेलं काम पूर्ण करायचं, मध्येच सोडायचं नाही, हे आपण मुलांना पहिलीपासून शिकवतो. पण परिस्थिती बदलली तर ठरवलेलं सोडायचं कसं, हे कधी शिकवतो का? या मे महिन्याच्या सुट्टीत माझ्याच लेकीने मला हा प्रश्न विचारला, तेव्हापासून तो डोक्यात घोळतोय.

पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदरा परिसरात झाडांवर काजवे चमकतात, हे तुम्हाला माहीतच असेल. चौथीतल्या लेकीला ते बघायचे होते. म्हणून आम्ही चौघे श्रीरामपूरहून गाडीने निघालो. डिकीत तंबू, सतरंज्या, छोटा स्टोव्ह आणि दशम्या. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाकाठी मुक्काम करायचा आणि सकाळी लांबून १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई दाखवायचं, असा बेत होता.

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. दुपारी राजूरला चहासाठी थांबलो, तर पश्चिमेकडे काळंकुट्ट आभाळ भरून आलेलं. मोबाईलवर जिल्ह्यासाठी हवामान खात्याचा नारिंगी इशारा आला होता. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा, हे वर्गात जरूर सांगा.

मी मुलांना वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायला लावले. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. पहिल्यांदा पंधरा सेकंद आले, थोड्या वेळाने नऊ. "म्हणजे पाच किलोमीटरवरून तीनवर आली!" लेकीनेच हिशोब केला. हे अंतर तीस सेकंदांपेक्षा कमी असेल तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. तंबू विजेपासून वाचवत नाही, झाडाचा आडोसा तर त्याहून धोक्याचा.

हे म्हणाले, "आपण मागे फिरू." झालं! लेकीच्या डोळ्यांत पाणी. "आई, तूच सांगतेस ना, ठरवलेलं सोडायचं नाही?"

खरं सांगते, पटकन उत्तर सुचेना. "गप्प बस, मोठ्यांचं ऐक" म्हणणं सोपं होतं. पण मग इतकी वर्षं वर्गात जे सांगितलं, ते पोकळच ठरलं असतं. मी गाडीत बसून वहीच्या मागच्या पानावर तीन प्रश्न लिहिले. पुढे जाणं सुरक्षित आहे का? आपण कशासाठी निघालो होतो? त्यातलं आज काय जमेल?

पहिल्याचं उत्तर तिने स्वतःच "नाही" असं लिहिलं. दुसऱ्यापुढे लिहिलं, "काजवे, तंबू, सगळे एकत्र." तिसऱ्यावर बराच वेळ विचार करून काजव्यांवर काट मारली. बाकी दोन्ही ठेवले.

सिन्नरला माझी मावशी राहते. तिला फोन केला. "या गं, विचारतेस काय!" अकोले-संगमनेरमार्गे रात्री आठला पोचलो. मावशीच्या हॉलमध्ये तंबू उभारला, दोऱ्या खिडकीच्या गजांना बांधल्या. पिठलं-भाकरी तंबूत बसूनच खाल्ली. बाहेर पाऊस कोसळत होता. धाकट्याने बॅटरीवर पिवळा कागद लावून उघडझाप केली. काजवेही अशाच उघडझापीने एकमेकांना खुणावतात, हे त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गोंदेश्वर मंदिर पाहिलं. यादवकाळातलं हे शिवपंचायतन. मधे महादेव आणि भोवती सूर्य, विष्णू, पार्वती, गणपती. मुलांनी पाचही मंदिरं शोधून वहीत आराखडा काढला.

तरी झोपताना लेक म्हणालीच, "पण काजवे नाहीच दिसले." मी म्हटलं, "हो, नाही दिसले." तिला वाईट वाटलं, ते वाटू दिलं. बदललेला बेत पहिल्यासारखाच गोड असतो, असं मुलांना खोटं सांगू नये, असं मला वाटतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला असं दिलं: कशासाठी निघालो हे न विसरता वाट बदलणं म्हणजे जिद्द, आणि धोका दिसत असूनही तीच वाट धरणं म्हणजे हट्ट. परिसर अभ्यासाच्या तासाला हा फरक चर्चेला घ्यायला छान आहे.

पालकहो, बेत बदलावा लागला तर निर्णय सुरक्षिततेपुरता मोठ्यांनीच घ्यावा, पण पुढचा बेत मुलांना आखू द्या. आणि शिक्षक मित्रहो, यंदा वर्गाची सहल ठरवताना फळ्यावर दोन रकाने करा: 'ठरलेला बेत' आणि 'पाऊस आला तर'. दुसरा रकाना मुलांनाच भरू द्या.