मंगळवेढ्याची दोन छायाचित्रे

कॅमेरा दिसते तेवढेच टिपतो; त्यामागची गोष्ट छायाचित्रकारालाच सांगावी लागते. पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरांवरच्या मंगळवेढ्यात काढलेली माझी ही दोन छायाचित्रे पाहा.

पहिले दामाजीपंतांच्या मंदिराचे. मंगळवेढे म्हणजे ज्वारीचे कोठार. येथल्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण एका दुष्काळात बिदरच्या बादशहाच्या या अंमलदाराने सरकारी कोठारच उपाशी रयतेला लुटू दिले. बादशहाने जाब विचारला, तेव्हा खुद्द विठोबाने विठू महाराच्या रूपाने दरबारात जाऊन धान्याची रक्कम चुकती केली, अशी कथा आहे. कीर्तनात ती ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा.

दुसऱ्या छायाचित्रात नुसती एक पडकी भिंत आहे. ही चोखोबांची भिंत नव्हे; पण तिच्याकडे पाहिले की तीच आठवते. १३३८ साली याच गावचे कूस बांधताना भिंत कोसळली आणि चोखामेळा तिच्याखाली गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस नेल्या, असे परंपरा सांगते. समाधी झाली ती महाद्वारासमोर, देवळाबाहेरच!

वाचकहो, ही दोन्ही चित्रे मी मुद्दाम शेजारी शेजारी लावली आहेत. देव महार होऊन बादशहाच्या दरबारात गेला. महाराला मात्र देवाच्या दरबारात शिरता आले नाही. ते दार उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

पंढरीच्या वाटेवर असाल, तर मंगळवेढ्याला थोडे थांबा. मंदिर कोणीही दाखवील. भिंत मात्र आपली आपणच पाहावी लागते.