काखेतला कॅमेरा

दिवाळीच्या साफसफाईत हॉलमधल्या कपाटाची पाळी आली की आमच्या घरी दरवर्षी तोच संवाद होतो. "कॅमेरा एक आणि पिशव्या सात," असं ही म्हणते. मी "सहा" म्हणून दुरुस्ती करतो, कारण त्यातली एक मूळची मुलाच्या डायपरची पिशवी आहे. मग पट्टे निघतात. रुंद, अरुंद, चामड्याचा, सीटबेल्टसारख्या कापडाचा, एक मनगटाला बांधायचा. "एवढ्या पट्ट्यांत चार म्हशी बांधून होतील," हे वाक्यही ठरलेलं आहे. मी पिशव्या पुसतो आणि परत वर ठेवतो. या वर्षी मात्र चार पिशव्या देऊन टाकल्या. त्या का जमवल्या होत्या, हे आपल्या मंडळातल्या फोटोवेड्यांना तरी सांगावं, म्हणून हा लेख.

पहिला मोठा कॅमेरा 2007 साली घेतला, मुलगा वर्षाचा असताना. पुढे कॅमेरा बदलला, लेन्स वाढली, आणि काही वर्षांत गळ्यातलं वजन पावणेदोन किलोवर गेलं. पावणेदोन किलो म्हणजे फार नाही. इंडियन ग्रोसरीतून येताना आपण दहा पौंडांची कणीक एका हातात आणतोच. पण कणकेची पिशवी कुणी मानेला अडकवून चार तास फिरत नाही. कॅमेऱ्याबरोबर खोक्यात येणारा पट्टा सगळं वजन मानेच्या मागच्या एकाच मणक्यावर टाकतो. चालताना कॅमेरा पोटावर टक्कर देत राहतो. बुटाची नाडी बांधायला वाकलात की तो पुढे झोका घेतो आणि टेबलाच्या कडेला, दगडाला किंवा शेजारच्याच्या डोक्याला जाऊन लागतो. वर त्या पट्ट्यावर कंपनीचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत, की पन्नास फुटांवरच्या चोरालासुद्धा चष्मा लागू नये.

म्हणून मी खांद्यावरची पिशवी घेतली. ती खांद्यावरून घसरते. घसरू नये म्हणून आपण नकळत एक खांदा वर उचलून चालतो आणि रात्री त्याच बाजूची मान आखडते. ही पिशवी तिरकी घालायची, पट्टा एका खांद्यावर आणि पिशवी दुसऱ्या कुशीला, हे आपल्याकडच्या प्रत्येक पोस्टमनला ठाऊक होतं. मला ते मान आखडल्यावर कळलं.

त्याच सुमाराला डायपरच्या पिशवीचा शोध लागला. मुलगा मोठा झाला होता, पिशवी धडधाकट होती, आत कप्पेच कप्पे. दोन जुन्या टॉवेलांच्या घड्या घालून कॅमेरा ठेवला, तर चपखल बसला. बाहेरून अस्वलांची चित्रं. ती पिशवी मी कुठेही बिनधास्त नेली. चोराला कितीही गरज असली तरी तो दुसऱ्याच्या पोराच्या लंगोटांना हात घालत नाही. सुरक्षिततेचा याहून स्वस्त उपाय मला आजवर सापडलेला नाही. पण मुलगा अकरा वर्षांचा झाला आणि त्याने सांगितलं, की बाबा, ही पिशवी घेऊन तुम्ही माझ्या शाळेत यायचं नाही.

मग पाठीवरची सॅक आली. वजनाच्या दृष्टीने ही सगळ्यांत उत्तम. दोन्ही खांद्यांवर सारखा भार, कमरेला पट्टा, हात मोकळे. पण पाठीवरचा कॅमेरा म्हणजे लॉकरमधले दागिने. आहेत, सुखरूप आहेत, फक्त लग्नाच्या वेळी हाताशी नाहीत. सॅक उतरवा, चेन उघडा, कॅमेरा काढा, टोपी काढा. तोवर पक्षी उडालेला असतो आणि मंडळी पुढच्या वळणावर "आलास का रे?" म्हणून हाका मारत असतात. तीन-चारदा असं झालं की आपण सॅक उघडायचंच सोडून देतो. एका सहलीत मी हे सगळं ओझं सहा मैल पाठीवर वाहिलं आणि फोटो काढले फोनवर.

त्या सॅकचा शेवट सॅन फ्रान्सिस्कोत झाला. पॅलेस ऑफ फाइन आर्ट्सला पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. कॅमेरा गळ्यात घेतला, सॅक गाडीच्या डिकीत ठेवली. पंचवीस मिनिटांनी परत आलो, तर मागच्या काचेचा चुरा सीटवर पसरलेला. सीट पुढे पाडून डिकीत हात घातला होता. दोन लेन्स गेल्या, आणि मंडळाच्या गणपतीचं अख्खं कार्ड गेलं. ज्यांच्या मुलींचे लेझीमचे फोटो त्यात होते त्या आया मला अजून विचारतात. चूक माझीच होती. गाडी लावल्यावर मी सगळ्यांच्या देखत डिकी उघडून सॅक आत ठेवली होती. ठेवायचंच असेल तर आधीच्या मुक्कामावर ठेवून यावं, पोचल्यावर डिकीला हातही लावू नये. आणि खरं म्हणजे गाडीत ठेवूच नये. आणखी एक, कॅमेरा आणि लेन्सचे सिरियल नंबर कुठेतरी लिहून ठेवा. पोलिसांकडे तक्रार नोंदवताना आणि विम्याचा अर्ज भरताना पहिला प्रश्न तोच असतो. घराच्या विम्यात अशी चोरी बहुधा बसते, पण आधी खिशातून भरायची रक्कम एवढी असते, की हाती फारसं लागत नाही. कॅमेऱ्याची वेगळी नोंद करून घेता येते, ती मी त्यानंतर केली.

थोडक्यात, परत गळ्यातल्या पट्ट्यावर आलो. इथवरची हकीकत मी पार्ट्यांतून अनेकदा हसत सांगितली आहे. पुढची नाही.

2017 च्या मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून आले होते. त्या हिवाळ्यात सिएरात बर्फ अफाट पडला होता, त्यामुळे योसेमिटीचे धबधबे नुसते फुटले होते. बाबा तेव्हा शहात्तर वर्षांचे. गुडघे कुरकुरत होते, पण काठी नको म्हणायचे. त्यांना झेपेल अशी वाट म्हणून आम्ही लोअर योसेमिटी फॉलला गेलो. एक मैलभराचा फेरा, बहुतेक डांबरी, मुलं बाबागाड्यांतून जातात अशी. धबधब्यासमोर एक पूल आहे. त्या दिवशी पुलाच्या आधीपासूनच अंगावर तुषार येत होते, वाट चकचकीत ओली झाली होती. ही, आई आणि मुलगा पुढे गेले होते. बाबांनी माझ्या डाव्या कोपराला धरलं होतं. कॅमेरा गळ्यात, उजवा हात त्याच्यावर, कारण भिजू नये.

पुलाच्या अलीकडे बाबांचा पाय घसरला.

ते पडताना माझ्या कोपराला हिसका बसला आणि मी पुढे वाकलो. कॅमेऱ्याने नेहमीचा झोका घेतला, कठड्याच्या दगडाच्या दिशेने. आणि माझ्या दोन्ही हातांनी कॅमेरा धरला. दोन्ही. डावा हात बाबांच्या हातातून सोडवून मी तो कॅमेऱ्याकडे नेला. मागून येणाऱ्या एका दाढीवाल्या पोराने बाबांना काखेत हात घालून सावरलं, नाहीतर डोकं दगडावर आपटलं असतं. बाबा एका गुडघ्यावर बसले होते. पँट ओली, तळहाताला थोडं खरचटलेलं. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "कॅमेऱ्याला लागलं नाही ना रे?"

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. बाबांना टोमणे जमत नाहीत. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं ओव्हरसिअर होते, वस्तूची किंमत कळणारा माणूस. वस्तू महाग आहे, लेकाने ती वाचवली, एवढाच सरळ अर्थ. म्हणून तर मला उत्तर देता आलं नाही. त्या पोराचे आभारही बाबांनीच मानले, "थँक्यू, थँक्यू" असं दोनदा. पाच मिनिटांनी मी पुलावर त्यांचा फोटो काढला. त्यात मागे धबधबा पांढरा झाला आहे, बाबा कठड्याला धरून उभे आहेत आणि डाव्या गुडघ्यावर ओला डाग आहे. आईने तो मोठा करून साताऱ्याला लावला आहे. "घसरले होते हो तिथे," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगते. कुणी धरलं, ते तिला माहीत नाही. हिलाही नव्हतं, हा लेख तिने तपासेपर्यंत.

त्या रात्री मोटेलवर मी पहिल्यांदा प्रश्न नीट मांडला. मान दुखणं, चोरी, पक्षी उडून जाणं हे सगळं दुय्यम होतं. मला असा कॅमेरा हवा होता, की जो मी एकदम सोडून दिला तरी स्वतःला सांभाळेल.

असा पट्टा असतो. तिरका घालायचा, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेशी. कॅमेरा पट्ट्यावर वरखाली सरकतो. उचलला की डोळ्याशी येतो आणि सोडला की कमरेशी जातो, पट्टा मात्र खांद्यावर जागचा हलत नाही. यातले काही पट्टे कॅमेऱ्याच्या बुडाला, ट्रायपॉडच्या पाव इंची आट्यांत स्क्रूने बसतात. सोय छान आहे, पण चालताना कॅमेरा गोल फिरतो आणि स्क्रू हळूहळू सैल होतो. त्यामुळे रबराचा वॉशर असलेला घ्यावा, तासाभराने बोटाने पिळून बघावा, आणि कॅमेऱ्याच्या वरच्या कडीला एक जादा दोरी बांधून ठेवावी. दुसरा प्रकार वरच्या कड्यांनाच अडकतो. त्याची दोरी झिजली की आतला वेगळा रंग दिसू लागतो, विहिरीचा दोर तपासावा तसा तो तपासत राहायचा. साधा पट्टा असेल तरी त्याचं टोक बकलातून काढून परत आतल्या बाजूने ओवून घ्या. नुसतं बाहेर लोंबत ठेवलेलं टोक एक दिवस निसटतंच.

शिवाय एक चिमटा मिळतो, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर बसणारा. आपल्या सॅन फ्रान्सिस्कोच्याच पीक डिझाइन कंपनीने 2011 साली लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून पहिल्यांदा तो बनवला. कॅमेऱ्याच्या बुडाला चौकोनी पट्टी, ती चिमट्यात सरकवली की 'खट्' असा आवाज. तो आवाज आल्याशिवाय हात सोडायचा नाही. कॅमेरा छातीशी गच्च बसतो, वाकलात तरी झोका नाही. लेन्स जड असेल तर मात्र खांद्याचा पट्टा त्या बाजूला ओढला जातो, म्हणून मी चढावर चिमटा आणि गावात तिरका पट्टा वापरतो.

कॅमेरा अडकवायच्या आधी मी प्रत्येक पट्ट्याला चार पौंडांची तूरडाळ बांधून घरात फिरलो. जिना चढलो, उतरलो, वाकून मोजे घातले, डिशवॉशर रिकामा केला. मग मुलाला सांगितलं, की तू न सांगता पड. तो तेव्हा अकरा वर्षांचा, या खेळावर बेहद्द खूश. आठवडाभर तो घरात कुठेही पडत होता आणि मी डाळीसकट त्याला झेलत होतो. ही बघत होती. तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी माझे दोन्ही हात पहिल्यांदा डाळीकडे न जाता त्याच्याकडे गेले.

नंतर मी कॅमेराही बदलला, लहान, आरसा नसलेला, लेन्ससकट पाऊण किलोच्या आत. हे आधी केलं असतं तर निम्म्या पिशव्या वाचल्या असत्या, पण फोटोवाल्याला हे कुणी सांगून पटत नाही.

गेल्या डिसेंबरात साताऱ्याला गेलो होतो. बाबा आता काठी घेतात. संध्याकाळी त्यांना चार भिंतीच्या पायथ्यापर्यंत फिरवून आणायचं काम माझ्याकडे होतं. ते डाव्या हाताला, कॅमेरा उजव्या कमरेला. एकदा परत आल्यावर आईने जुने अल्बम काढले. त्यात आमच्या घरातला चेष्टेचा एक ठरलेला फोटो आहे. प्रतापगडावर बाबा, गळ्यात आगफा क्लिक थ्रीची तपकिरी चामडी पेटी. गळ्यात कसली, जवळजवळ काखेत. पट्टा एवढा आखूड, की पेटी बगलेत दाबल्यासारखी दिसते. काकाने तो फोटो काढला होता आणि "दादाने कॅमेऱ्याला ताप बघायला लावलाय," असं तो म्हणायचा.

ती पेटी अजून आहे. कॅमेराही आहे, बारा फोटोंचा रोल मिळाला तर चालेलसुद्धा. मी पट्टा हातात घेतला, तर त्यात मधोमध एक जुनी गाठ, चामडं तिथे काळं पडून दगडासारखं झालेलं.

"ही गाठ कसली?" मी विचारलं.

"पट्टा लांब होता तो," आई म्हणाली. "तू यांचं बोट धरून चालायचास, तेव्हा ती पेटी तुझ्या डोक्याला लागायची. एकदा चांगलं टेंगूळ आलं होतं. मग यांनी गाठ मारली."

बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पट्ट्याकडे पाहिलं. "सोडू नकोस ती," म्हणाले. "चामडं तुटेल."