टीनी हॅरिस यांच्या वस्तीत जाताना

प्रिय सई,

पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमधल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचे फोटो काढायचं काम तुला कॉलेजातून मिळालंय, आणि 'आपण बाहेरच्या, आपण तिथे कॅमेरा घेऊन जावं का?' असं तू विचारतेस. जरूर जा. फक्त त्याआधी एक दुपार कार्नेगी म्युझियम ऑफ आर्टमध्ये घालव. तू जिथे जाणार आहेस, ती वस्ती तिच्याच एका माणसानं चाळीसेक वर्षं टिपून ठेवली आहे. ते काम न बघता तिथे जाऊ नकोस.

चार्ल्स 'टीनी' हॅरिस यांचा जन्म 1908 चा, पिट्सबर्गचाच. 'पिट्सबर्ग कुरियर' हे कृष्णवर्णीयांनी चालवलेलं साप्ताहिक त्यांच्या तरुणपणी देशभर वाचलं जायचं. रेल्वेच्या पुलमन डब्यांतले कृष्णवर्णीय पोर्टर त्याचे गठ्ठे दक्षिणेतल्या राज्यांत पोचवायचे. हॅरिस या पत्राचे छायाचित्रकार. त्यांच्या जवळपास 80,000 निगेटिव्ह त्या म्युझियममध्ये जपून ठेवल्या आहेत.

त्यांना 'वन शॉट' म्हणत. हे नाव ठेवलं शहराचे महापौर डेव्हिड लॉरेन्स यांनी. बाकीचे फोटोग्राफर 'आणखी एक, आणखी एक' करत राहायचे. हॅरिस एकदाच बटण दाबायचे आणि निघायचे. त्यांच्या हातात असायचा स्पीड ग्राफिक हा अवजड कॅमेरा. त्यात प्रत्येक फोटोसाठी फिल्मचा नवा तुकडा लागतो, आणि फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की गेला, पुढच्या फोटोला दुसरा लावायचा. म्हणजे उधळपट्टीला वावच नाही. पण मला वाटतं, एका फोटोत काम व्हायला समोरच्या माणसाचा विश्वासही लागतो. तो त्यांनी त्या गल्ल्यांमध्ये राहून कमावला होता.

दोन फोटो नीट बघ. पहिला 1963 चा. मुष्टियोद्धा मुहम्मद अली तेव्हा कॅशियस क्ले होता, अजून जगज्जेता व्हायचा होता. एका हॉटेलात त्यानं आपल्या आईला, ओडेसाबाईंना, चक्क उचलून घेतलंय. दुसरा 1945 च्या सुमाराचा: बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज चढवून उभा राहिलेला एक चिमुरडा. एक जगभर गाजलेला आणि एक गल्लीतला. हॅरिस यांनी दोघांना सारख्याच अगत्यानं टिपलंय. त्यांच्या संग्रहात ड्यूक एलिंग्टन आणि मार्टिन ल्यूथर किंग आहेत, तशीच लग्नं, चर्चमधले समारंभ, बेसबॉलचे संघ, दुकानदार, फलक घेऊन उभे राहिलेले निदर्शकही आहेत. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांत ही माणसं दिसायची ती बहुतेक गुन्ह्यांच्या बातम्यांत. त्यांचं रोजचं जगणं छापण्यासारखं आहे, हे 'कुरियर'नं आणि हॅरिस यांनी दर आठवड्याला दाखवून दिलं.

हे तुला मुद्दाम सांगतेय. आपल्याकडे या समाजाची ओळख झाली ती अन्यायाच्या आणि लढ्याच्या वाटेनं. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सचं नाव घेऊन. हे नातं मला फार मोलाचं वाटतं. पण तेवढ्यावरच थांबलं तर माणसं फक्त सोसणारी किंवा फक्त लढणारी दिसतात. नटणारी, नाचणारी, पोरांचे लाड करणारी, धंदा थाटणारी दिसतच नाहीत. ज्यासाठी ती लढली, ते जगणं हॅरिस यांच्या फोटोंत आहे.

आणि दुःख त्यांनी वगळलं नाही. 1950 च्या दशकात शहर सुधारणेच्या नावाखाली याच वस्तीचा लोअर हिल हा भाग पाडायला घेतला. सुमारे 8,000 माणसं उठवली गेली आणि त्या जागी भलंमोठं क्रीडागृह आलं. 1969 मध्ये तिथल्या लोकांनी चौकात फलक उभारला: याच्यापुढे पाडापाडी चालणार नाही. त्या फलकाचाही फोटो हॅरिस यांनी काढलाय. पाडलेल्या रस्त्यांवर कोणाची दुकानं होती, कोण कुठे गप्पा मारत बसायचं, हे आज कळतं ते बरंचसं त्यांच्या निगेटिव्हमुळे.

उतारवयात आपल्याच निगेटिव्ह परत मिळवण्यासाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पण तोवर ते हयात नव्हते. 1998 मध्येच ते गेले होते. 2001 साली म्युझियमनं हा संग्रह त्यांच्या वारसांकडून विकत घेतला, तेव्हा बहुतेक फोटोंवर नावगाव काहीच नव्हतं. मग म्युझियमनं वस्तीतल्या जुन्याजाणत्यांना बोलावलं. कोणी शेजारी ओळखला, कोणी चर्चची पायरी, कोणी स्वतःलाच. या संग्रहाचं काम पुढे शार्लीन फॉगी-बार्नेट यांनी हाती घेतलं, आणि लहानपणी त्यांचेही फोटो हॅरिस यांनी काढलेले आहेत! आजही काही फोटोंखाली 'बहुधा' असं लिहिलेलं दिसेल. नुसता अंदाज असेल तर तो अंदाज म्हणूनच लिहायचा, हा प्रामाणिकपणा तूही शिकून घे.

तेव्हा सई, तिथे जाशील तेव्हा आधी बैस, चहा-कॉफी घे, ऐक. फोटो काढण्याआधी परवानगी माग. नाव विचार, त्याचं स्पेलिंग विचार आणि त्याच दिवशी वहीत लिहून ठेव. तुटकी खिडकी दिसली तर तीही टीप, पण त्या घरातला वाढदिवस चुकवू नकोस. आणि फोटो छापून आणलास की पहिली प्रत त्यांना नेऊन दे, तुझ्या प्राध्यापकांना नंतर. फोटो बघून त्या घरातल्या माणसांनी 'हो, हे आम्हीच' म्हटलं, तर बाहेरची असूनही तू काम नीट केलंस. तेवढं साधेपर्यंत पुन्हा पुन्हा जात राहा.

अनेक आशीर्वाद.

तुझी,
मावशी